नूबीची सातवी

माझा भाऊ खलफ गेला तेव्हा आमच्या घरात कुणी रडलं नाही. रडायचं नव्हतंच. आमच्या नाईलकाठच्या गावांत खून झालेल्या माणसाचं सुतक त्याच्या रक्ताचा निकाल लागेपर्यंत धरत नाहीत. मांडव पडत नाही, कुराण वाचायला कुणी बसत नाही, समाचाराला आलेल्याला उंबऱ्यावरूनच परत लावतात. "आमच्याकडे अजून कुणी मेलेलं नाही," असं म्हणायचं असतं. वडील आधीच वारले होते, म्हणून आमचे हमदानकाका ते येईल त्याला म्हणाले. पहिल्या दिवशी त्यांना ते जड गेलं. नंतर सवय झाली.

मारलं ते नूबीने, पाटापलीकडच्या जाबिरांच्या घरातल्या. दोघं एका वयाचे, एकाच पाटात पोहायला शिकलेले. उसाला पाणी द्यायची पाळी कुणाची, यावरून बोलाचाली झाली आणि नूबीच्या हातातलं फावडं खलफच्या डोक्यात बसलं. नूबी पळाला नाही. पोलीस येईपर्यंत तो बांधावर प्रेताशेजारी बसून होता, चिखल वाळून पांढरा पडेपर्यंत. प्रेत सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथून परस्पर, बंदुकवाल्यांच्या पहाऱ्यात पुरलं. माझ्या आईला, आमच्या यम्माला, त्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

त्यामुळे तिच्यालेखी तो मेलाच नाही. ती रोज दुपारी उन्हात फुगवलेली जाड भाकर आणि मुलुखियाची भाजी त्याच्या नावाने वाढून ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "रानात गेलाय. येईल ऊन उतरल्यावर."

मी म्हणायची, आईचं मन आहे, चालू दे. पण नूबी तुरुंगात गेल्यावर त्या बांधाकडे दुपारचं कुणी जाईना. ऊसतोडीची माणसं ते टोक सकाळीच उरकायची. तिथे भर उन्हात एक माणूस पाण्याकडे बघत उभा असतो आणि त्याची सावली पडत नाही, असं ती माणसं सांगायची. मला तो कधी दिसला नाही. पण एकदा मी शेतावर जेवण घेऊन त्या वाटेने गेले, तेव्हा पाटात पाणी वाहतंय असं मला स्पष्ट ऐकू आलं. मी वाकून पाहिलं. पाट कोरडा होता. तळाला भेगा पडल्या होत्या आणि एक सरडा मान वर करून माझ्याकडे बघत होता. पाण्याचा आवाज मात्र थांबला नाही. मी जेवणाची टोपली तिथेच टाकून पळत सुटले.

नूबी शिक्षा भोगून सुटला तेव्हा माझा धाकटा भाऊ रसमी लग्नाचा झाला होता. आता रसमीनेच रक्त फेडायचं, हे सगळ्या गावाने गृहीत धरलेलं. चहाच्या टपरीवर तो बसला की माणसं गप्प व्हायची. एकाने तर त्याला तोंडावर विचारलं, "काय रे, मिशी ठेवलीस ती कशाला?" त्या दिवशी रसमी घरी आला आणि वडिलांची बंदूक काढून तेल लावत बसला. तो बंदुकीच्या नळीच्या आत बघत होता आणि त्याची मान घामाने भिजली होती. मी ते पाहिलं आणि हमदानकाकांना म्हटलं, "काका, एक घालवला, दुसरा पण घालवणार आहात का?"

काकांनीच मग शेख किनावींना निरोप धाडला. हे शेजारच्या गावचे. रक्ताची भांडणं मिटवण्यात त्यांचा हातखंडा. ते दोन्ही बाजूंची बडी माणसं घेऊन आले आणि आमच्या बैठकीत ओळीने बसले. चहाचे पेले समोर ठेवले. कुणी हात लावला नाही.

"चहा घ्या, शेख," काका म्हणाले.

"गार होऊ दे, हमदान. तू हो म्हणालास तर गारढोण चहा पिऊ आणि वर तुझं गुणगान करू. नाही म्हणालास तर या चहाचं पाप तुझ्या डोक्यावर."

"आमची मागणी ठाऊक आहे तुम्हाला. नुसती माफी पुरायची नाही."

"पोरगा कफन घेऊन येईल. अनवाणी, बोडक्या डोक्याने, सगळ्या गावातून. रसमीच्या पुढ्यात आडवा होईल. रसमीने मनात आणलं तर त्याची मान कापावी, नाहीतर मेंढ्याची. याहून खाली माणूस वाकत नाही रे."

काका विरघळत होते. तेवढ्यात पडद्याआडून यम्मा बोलली. बायकांनी तिथे बोलायचं नसतं, पण तिला अडवायची कुणाची छाती नव्हती.

"मला प्रेत पाहिजे."

शेख हळूच म्हणाले, "शाझलिया, अगं तेच तर टाळतोय आपण."

"माझ्या पोराचं प्रेत मला कुणी दाखवलं नाही. नूबी कफन आणतोय ना? मग ते नुसतं मिरवून परत न्यायचं नाही. मेंढा कापून झाला की ते पांघरून त्याने माझ्या अंगणात निजायचं. दुपारच्या बांगेपासून तिसऱ्या प्रहरच्या बांगेपर्यंत. मी माझ्या खलफला रडून घेणार. मग उठून जाऊ दे त्याला, माझं काही म्हणणं नाही."

"जिवंत माणसाला कफन? बाई, धर्मात बसत नाही हे."

"धर्मात फावडं बसतं का?"

शेखांनी दाढीवरून हात फिरवला. मग त्यांनी गार चहाचा पेला उचलला आणि एका घोटात संपवला. बाकीच्यांनीही उचलले.

त्यानंतरचे दिवस रसमीची तालीम चालली. शेख रोज गाढवावरून यायचे आणि मळणीच्या खळ्यावर त्याला उभं करायचे. उसाची एक मोळी जमिनीवर आडवी टाकलेली, ती नूबी. तिच्याशेजारी रिकामं पोतं, तो मेंढा. आम्ही बायका धाब्यावरून बघायचो.

"सुरी छातीशी नको धरूस, कांदा चिरायला बसलायस का? वर धर. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला दिसली पाहिजे. हां. आता थांब. लगेच मेंढ्याकडे वळायचं नाही. लोकांना वाटलं पाहिजे की हा आता मारतोय."

"किती थांबू?"

"मी खोकेन. खोकलो की वळ. हात कापला तर गाव म्हणेल भ्याला. आणि फारच स्थिर राहिला, तर रस्त्यावर उभे असलेले पोलीस भितील."

रसमी हसायचा, आम्हीही हसायचो. पण एके दिवशी शेख खोकले तरी तो वळला नाही. मोळीवर वाकून उभाच राहिला. शेख पुन्हा खोकले. मग रसमीने सुरी त्या मोळीत अशी घातली की उसाचा रस त्याच्या मनगटावरून ओघळला. शेखांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतकंच म्हणाले, "बरं झालं आजच केलंस."

ठरल्या दिवशी दुपारी सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभं राहिलं. पुरुष खाली, बायका धाब्यांवर. नूबी लांबून येताना दिसला. पांढरा पायघोळ झगा, डोकं उघडं, पुढे केलेल्या दोन्ही तळहातांवर घडी घातलेलं कफन. त्याच्या मागे जाबिरांची माणसं, शस्त्रं नाहीत, मान खाली. एवढी गर्दी, पण ऐकू येत होते ते फक्त धुळीतले पाय. मी नूबीला लहानपणापासून ओळखत होते, तरी त्या कफनामागून येणारा माणूस मला परका वाटला. तुरुंगात त्याचे गाल बसले होते, आणि तो पापणी लववत नव्हता.

तो रसमीपुढे येऊन आडवा झाला. पाय बांधलेला मेंढा शेजारी धापा टाकत होता.

"रसमी, मी माझा जीव हातावर घेऊन आलोय," नूबी म्हणाला. शेखांनी शिकवलेलंच ते. "घे, नाहीतर सोड."

रसमीने सुरी वर धरली. पार मागच्या म्हाताऱ्याला दिसेल अशी. शेख खोकले. रसमी वळला आणि मेंढ्याच्या मानेवर सुरी चालवली. "सोडला! अल्लासाठी आणि आलेल्या पाहुण्यांसाठी सोडला!" गर्दीतून मोठा आवाज उठला. म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. पुरुषांचं काम तिथे संपलं. ते मांडवात जेवायला बसले आणि नूबीला काकांनी आमच्या आतल्या अंगणात आणून सोडलं.

अंगणात गावच्या बायका जमलेल्या. काळे कपडे, तोंडाला सुतकाची नीळ फासलेली, केस मोकळे. खलफच्या नावाने एवढी वर्षं कुणी ही नीळ बाहेर काढली नव्हती. नूबी मधोमध घातलेल्या चटईवर निजला. यम्माने स्वतः त्याच्यावर कफन ओढलं. पायांपासून छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. जरा थांबली. मग तोंडावरून.

रडण्याची ओळ धरायला मब्रूका म्हातारी होती. तिने जमिनीवर थाप मारून सुरुवात केली.

"ऊस उभा राहिला रे खलफा, तू का आडवा?"

"तू का आडवा!" बायकांनी ऊर बडवले.

"पाणी पोचलं बांधाला, कोण दार धरील रे?"

"कोण धरील रे!"

यम्मा उशाशी बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. आणि मग तिच्या तोंडून जे निघालं ते मी पुन्हा कधी ऐकलं नाही. त्याला शब्द नव्हते. सात वर्षांचं साठलेलं होतं ते. त्या आवाजाने भिंतीवरची कबुतरं उडाली आणि मांडवातल्या पुरुषांचं बोलणं बंद पडलं. मीही रडले. आम्ही सगळ्या विसरलो की खाली कोण निजलंय. मी त्या कापडाकडे बघून "दादा, दादा" म्हणत होते.

रडता रडता माझं लक्ष गेलं. सुरुवातीला तोंडावरचं कापड श्वासाबरोबर हलत होतं, नाकापाशी खाली जायचं, वर यायचं. आता ते हलत नव्हतं. त्यावर माश्या बसल्या होत्या. एक माशी ओठांच्या जागी फिरत होती, तरी काही नाही.

तिसऱ्या प्रहरची बांग झाली. बायका थांबल्या.

"ऊठ, झालं," यम्मा म्हणाली.

तो उठला नाही. मी दारातून शेखांना हाक मारली. ते आले, वाकले. "नूबी. ए नूबी! संपलं पोरा." काही नाही. शेखांच्या कपाळावर घाम आला. बाहेर मांडवात जाबिरांची माणसं आमचं मीठ खात होती आणि आत त्यांचा माणूस कफनाखाली निपचित पडलेला. क्षणभरात गावात किती मुडदे पडतील, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

यम्माने कापड बाजूला केलं. त्याच्या गालाला हात लावला आणि रोज दुपारी दारात उभी राहून जसं म्हणायची तशा आवाजात म्हणाली, "खलफ, ऊठ बाळा. ऊन उतरलं."

त्याने डोळे उघडले. उठून बसला. सगळीकडे नजर फिरवली आणि आमच्या आईला म्हणाला, "यम्मा, भाकर आहे का गं?"

बायका किंचाळत दाराकडे धावल्या. यम्मा जागची हलली नाही. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं.

त्या दिवशी त्याला त्याच्या भावांनी दंडाला धरून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आमच्या दारात उभा. तिसऱ्या दिवशीही. रांजणावरचं झाकण उचलायचा, पाणी प्यायचा, खलफच्या जागी भिंतीला पाठ लावून बसायचा आणि मुकाट जेवायचा. मला 'तिफ्फा' म्हणायचा. माझं नाव तफीदा. तिफ्फा फक्त खलफ म्हणायचा. पाटात पोहताना नूबीने ते कधीतरी ऐकलं असेल. असेलच. मी मनाला तसं समजावायची, आणि तो आला की उठून आत जायची.

बांधावरचा तो माणूस मात्र कुणाला दिसेनासा झाला. मी मुद्दाम दुपारची तिथे गेले. पाट कोरडा होता, आणि आवाजही नव्हता.

रसमी वैतागला. एकदा त्याने त्याची कॉलरच धरली. "नाटक बंद कर नूबी. सोडलंय तुला. आता कशाला छळतोस?"

त्याने शांतपणे कॉलर सोडवून घेतली. "तुम्ही रडलात ना," तो म्हणाला. "मी ऐकलं सगळं. माझ्यासाठीच रडत होता ना तुम्ही? मग आता मला कुठं जा म्हणता?"

रसमी त्या रात्री जेवला नाही.

मग एका सकाळी नूबीची बायको बखीता पाट ओलांडून आमच्याकडे आली. खून झाल्यापासून जाबिरांची बाई आमच्या दारी आलेली नव्हती. ती बसली नाही, उभ्यानेच बोलली.

"तफीदा, तुम्ही माझा नवरा सोडलात म्हणून मी तुमच्या घराला दुवा दिला. पण तुम्ही सोडला कुठं? ठेवूनच घेतला की!"

"आम्ही बोलावतो का गं त्याला? आपला आपण येतो."

"येतो ना! आणि माझ्या घरात भिंतीकडे तोंड करून बसतो. नूबी म्हणून हाक मारली तर वळत नाही. तो आत आला की शेळ्या कोपऱ्यात दाटीवाटीने उभ्या राहतात. माझी पोरगी मला विचारते, हा पाहुणा कधी जाणार? सात वर्षं मी त्याची वाट बघितली. तुमच्यासारखीच." तिने चौकटीवर हात आपटला. "जित्या माणसाला रडलात तुम्ही, बायांनो. असं कुणी करतं?"

मी दार ओढून घेतलं. "मग काय करायचं म्हणतेस?"

"मेलेला परत येत नाही म्हणतात. पण जन्माला तर येतो? त्याची सातवी करू. जशी बाळाची करतात तशी, नाव ठेवू नव्याने. मी सुईणीशी बोललेय. ती हसली नाही."

"मग अडलंय कुठं?"

"आई पाहिजे ना. नूबीची आई तो तुरुंगात असताना गेली. आणि ज्या बाईने त्याला रडून मारला, तिच्याशिवाय दुसरी चालणार नाही, असं सुईण म्हणते."

मी यम्माला सांगितलं. ती माझ्यावर भडकली. "माझं पोर माझ्या हातचं जेवतंय, ते तुझ्या डोळ्यांत का खुपतंय? तुला कधी त्याचं बरं बघवलं नाही!" हे ती खलफची आई म्हणून बोलली.

त्याच दुपारी तो आला. आमच्याकडे रोज जेवूनही तो वाळत चालला होता. झगा खांद्यावर लोंबायचा. यम्माने त्याला पुढ्यात बसवलं आणि लहानपणी खलफचं चोळायची तसं डोक्याला तेल लावायला घेतलं. मी दळण निवडत होते. तिचा हात चालता चालता थांबला. उजव्या कानाच्या वर, केसांत. तिने बोटं पुन्हा तिथून फिरवली. मग माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड राखेसारखं झालं होतं.

तो गेल्यावर ती म्हणाली, "तिथं हाड खोल गेलंय. माझी दोन बोटं बसतात त्यात."

"तुरुंगात मार बसला असेल, यम्मा."

"काल नव्हतं. काल पण मी तेल लावलं होतं." तिने ती दोन तेलकट बोटं माझ्यापुढे धरली. "फावडं कुठं लागलं ते मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, तफीदा. आता कळलं." मग उठली, ओढणी घेतली. "त्या बखीताला सांग, मी येते. माझा एकदाच मेला. पुन्हा मरायला नको."

सातवी नूबीच्या घरी झाली, गुरुवारी, दिवस मावळायच्या सुमाराला. पाच-सहा बायकाच होत्या. यम्मा इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाट ओलांडून गेली. नूबी सांगितलं तिथे बसला, जोंधळा चाळायच्या मोठ्या चाळणीत, गुडघे छातीशी घेऊन. एरवी हसून पोट दुखलं असतं. मब्रूका म्हातारी म्हणालीच, "बाई गं, मिशीवालं बाळ!" एक-दोघी फिस्सकन हसल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवून गप्प झाल्या, कारण तो हलत नव्हता, आणि गोठ्यातल्या शेळ्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

सुईणीने पितळी खलबत्ता त्याच्या कानाशी धरून ठणठण वाजवला. "आईचं ऐक! बायकोचं ऐक! शेजाऱ्याचं पाणी तोडू नको!" शेवटचं तिने पदरचं घातलं. मग विचारलं, "आई कोण याची?"

यम्मा पुढे झाली. बाळाला ओलांडायचं असतं, सात वेळा. तिने झगा घोट्यापर्यंत उचलला आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाच्या पायांवरून ओलांडायला लागली. प्रत्येक वेळी तिचा तोल जायचा. मी हात दिला तर तिने झिडकारला.

मग मेणबत्त्या लावल्या. एकीला एक नाव, जी जास्त वेळ जळेल ते नाव बाळाचं. बखीताने नूबीची लावली. सुईण म्हणाली, "एकटी नाही चालत. निवडायला दुसरी पाहिजे." बखीता रडकुंडीला आली. "दुसरं कुठलंही नाव घ्या, ते नको." पण यम्माने दुसरी मेणबत्ती उचलली आणि स्वतः पेटवली. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

दार लावलेलं होतं, वारा नव्हता. तरी नूबीची मेणबत्ती फडफडत होती, मेण एका बाजूने भराभरा ओघळत होतं. दुसरीची ज्योत मात्र टाचणीसारखी सरळ होती. जळतेय पण कमी होत नाही, असं वाटायला लागलं. बखीता आपल्या मेणबत्तीभोवती हातांचा आडोसा करून बसली. तिची बोटं भाजली असतील. चाळणीतला माणूस त्या सरळ ज्योतीकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, मी खोटं सांगत नाही, माझ्या भावाचं हसू होतं. एका गालात दबलेलं.

नूबीची वात मेणात बुडायला आली. बखीताने डोळे मिटून घेतले.

"यम्मा," तो म्हणाला, "भूक लागली."

यम्मा त्याच्यासमोर बसली. त्याच्या कानावरचे केस मागे सारले. "हो रे राजा," ती म्हणाली. "लई दिवस थांबलास माझ्यासाठी. जा आता. आईचं ऐक."

आणि तिने दोन बोटांनी खलफची ज्योत चिमटून विझवली.

धूर सरळ वर गेला. चाळणीतल्या माणसाने एकदम तोंड उघडलं आणि मोठ्याने ओरडला. छाती फाटेल असा श्वास घेऊन, नवजात मूल ओरडतं तसा. शेळ्यांनी एकाच वेळी बें बें करायला सुरुवात केली. बखीताने त्याला दोन्ही हातांनी धरलं. "नूबी? नूबी!"

तो थरथरत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. आपण चाळणीत का बसलोय ते त्याला कळेना. "रसमी कुठंय?" त्याने विचारलं. "मेंढा कापला का त्याने?"

कुणीतरी हसायला लागलं, आणि मग सगळ्याच हसलो आणि रडलो. यम्मा तेवढ्यात निघून गेली होती. मी धावत गेले तेव्हा ती पाटाच्या काठाने एकटीच चालली होती, सावकाश, जमिनीकडे बघत.

दुसऱ्या दिवशी हमदानकाकांनी दाराबाहेर मांडव घातला आणि खलफचं सुतक धरलं. माणसं येत राहिली. काकांनी प्रत्येकाचा हात हातात घेतला आणि कुणालाच परत पाठवलं नाही. नूबी आला तो पुरुषांच्या ओळीत शेवटी उभा राहिला, आणि यम्मासमोर आल्यावर तिला "हाज्जा" म्हणाला, परके लोक वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं. त्याच्या डोक्यावर पागोटं होतं. तिने ते काढायला सांगितलं नाही.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. आमच्याकडे बखीताने आणलं. डोक्यावर परात घेऊन ती आली आणि यम्मापुढे भेंडीचं कालवण आणि भाकरी ठेवून जमिनीवर बसली. यम्माने कितीतरी वेळ हात लावला नाही. मग एक तुकडा मोडला, बुडवला, चावला.

"मीठ कमी पडलंय गं," ती म्हणाली.

"उद्या जास्त घालते," बखीता म्हणाली.